ओळखीनं लागलेली नोकरी: कंपनीचं वातावरण आधी कसं तपासायचं आणि आत गेल्यावर कसं निभवायचं

आपल्या बेळगाव भागात नोकरी कशी लागते हे कुणाला सांगायला नको. मोबाईलवर अर्ज भरायचे ते भरतोच आपण, खरं शेवटी काम होतंय ते कुणाच्या तरी मामाकडनं. मामा उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, फोरमन असतो, तो साहेबांच्या कानावर घालतो, साहेब म्हणतात सोमवारी पाठवून द्या, आणि सोमवारी पोरगं डबा घेऊन गेटवर हजर. यात वाईट काही नाही, उलट ओळखीमुळं पहिली नोकरी तरी लागते. अडचण अशी की ओळखीनं गेलेला पोरगा तोंड उघडत नाही. पगार कितव्या तारखेला, कंपनीच्या रोलवर का कॉन्ट्रॅक्टरच्या, सुट्टीचं कसं, यातलं काहीच विचारत नाही, कारण विचारलं तर मामाला कमीपणा येईल असं वाटतं. आणि मग वर्षभरानं सगळं रडगाणं कट्ट्यावर.

मी सध्या एका मशीन शॉपच्या क्वालिटीत आहे, आधी फाउंड्रीत होतो, मधे काही दिवस शिनोळीला पण जाऊन येऊन होतो. माझ्याकडं दरवर्षी आयटीआय, डिप्लोमावाली पोरं येतात, दादा अमुक कंपनी कशी आहे म्हणून. एकेकाला सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. उद्यमबाग, मच्छे, नावगे, काकती, होनगा या बाजूच्यांना तर लागू पडेलच, निपाणीहून कागलला जाणाऱ्यांना पण बरंचसं पडेल.

आधी गेटवर जाऊन उभं राहा

इंटरव्ह्यूच्या आधी एक दिवस शिफ्ट सुटायच्या वेळी कंपनीच्या समोर जाऊन चहा प्यायचा. कंपनीबद्दल गुगलवर कुणी काय लिहिलंय त्यापेक्षा टपरीवाल्याला जास्त माहीत असतं, कारण उधारीची वही त्याच्याकडं असते. पगार लांबला की पहिल्यांदा त्याची वही फुगते.

पण "कंपनी कशी आहे हो?" असं विचारू नका. त्याला उत्तर एकच, "बरी हाय की". मोकळा प्रश्न विचारला की माणूस मोघम बोलतो. बारीक विचारायचं. पगार कितव्या तारखेला पडतो? मागच्या दिवाळीला बोनस कधी दिला, दिवाळीच्या आधी का नंतर? कुठल्या डिपार्टमेंटची पोरं सारखी बदलायलीत? ओटीचे (ओव्हरटाईमचे) पैसे स्लिपमधे येतात का हातात? साहेब शॉपवर येतात का केबिनमधनंच फोन करतात? यातल्या दोन-तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली तरी बास, बाकीचं तुम्हाला कळतंच.

शिफ्ट सुटताना माणसं कशी बाहेर पडतात तेही बघा. वेळेवर सुटली का? सुटली तर हसत खिदळत सुटली का मान खाली घालून गाडीला किक मारून गेली? पायात सेफ्टी शूज आहेत का चपला? फाउंड्रीच्या गेटमधनं चपला घातलेला फेटलिंगवाला (कास्टिंग घासून साफ करणारा) बाहेर पडत असेल तर आतलं बाकीचं मी सांगायची गरज नाही.

अजून एक, गेटवरचा "पाहिजेत" बोर्ड. सीएनसी ऑपरेटर पाहिजेत, व्हीएमसी सेटर पाहिजेत (दोन्ही कॉम्प्युटरवर चालणारी कटिंगची मशीनं), हेल्पर पाहिजेत. हा कागदावर लिहून चिकटवला असेल तर ठीक, कुणीतरी सोडून गेला असेल, नाहीतर नवीन मशीन आलं असेल. खरं हाच बोर्ड पत्र्यावर ऑइल पेंटनं रंगवून कायमचा लावला असेल तर त्या कंपनीत माणूस टिकत नाही हे कंपनीनं स्वतःच मान्य केलंय.

इंटरव्ह्यूमधे विचारायचं कसं

ओळखीनं गेलेल्यासाठी माझा सल्ला असा की प्रश्न मामाच्या मार्फत विचारू नका आणि मामाच्या समोर पण विचारू नका. मामाला घरी आधीच सांगून ठेवायचं की, "मामा, मी कागदाचं जरा विचारणार आहे, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका." बहुतेक मामा म्हणतात विचार की, त्यात काय. जो मामा म्हणतो "कशाला विचारतोस, मी आहे की", तिथं जास्त विचारा.

आणि विचारताना भांडायला आल्यासारखं नाही विचारायचं. "सर, घरी बाबा विचारतील म्हणून विचारतोय, अपॉइंटमेंट लेटर कधी मिळेल?" हे वाक्य आजपर्यंत कुठल्याही साहेबाला लागलेलं मी बघितलं नाही. बाबांचं नाव पुढं केलं की कुणी चिडत नाही आपल्याकडं. पगार ठरवताना "हातात किती येईल सर" हे सरळ विचारा, कारण पॅकेजचा आकडा आणि हातातला आकडा यात भरपूर अंतर असतंय, ते पुढं सांगतो.

शॉप दाखवा म्हणायचं. नाही म्हणाले तर तेही उत्तरच आहे. दाखवलं तर मशीनं किती नवीन आहेत हे बघून भारावून जाऊ नका, बँकेच्या कर्जावर मशीन कुणीही आणतो. व्हीएमसीचं दार बघा. दाराला इंटरलॉक असतो, दार उघडं असलं की स्पिंडल फिरू नये म्हणून. बऱ्याच ठिकाणी त्या स्विचमधे सुटी चावी घालून टेप मारून ठेवलेली असते, म्हणजे मशीनला वाटतं दार बंद आहे आणि पोरगा दार उघडं ठेवून चिप काढायलाय. का? तर सायकल टाईम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, वाचतो. ती टेप दिसली की समजायचं, इथं नग मोजतात, बोटं मोजत नाहीत. सुपरवायझरला ती दिसत नसते असं नाही हो, त्यानंच लावायला सांगितलेली असते.

मग लाल पेटी बघा, रिजेक्शनची. लाल पेटीत माल असेल आणि त्याला टॅग लावलेला असेल तर बरी कंपनी आहे. लाल पेटी एकदम कोरी चकचकीत असेल तर शंका घ्या, रिजेक्शन कुठंतरी लपवायलेत. संडास पण बघून या, लाजू नका. आणि मॅनेजर तुमच्याबरोबर शॉपमधनं चालत असताना ऑपरेटर लोक काय करतात? मान वर करून "नमस्कार सर" म्हणून परत कामाला लागतात का एकदम मशीनमधे डोकं घालतात? मला तर यावरनंच निम्मं कळतं.

कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण वाचा. सगळी फसवणूक इथंच होते आणि बहुतेक वेळा खोटं बोलून होत नाही, न सांगून होते.

पहिलं, रोल. तुम्ही कंपनीच्या रोलवर का कॉन्ट्रॅक्टरच्या? काम तेच, युनिफॉर्म तोच, खरं पगार देणारा वेगळा. कॉन्ट्रॅक्टरच्या रोलवर असणं म्हणजे वाईटच असं नाही, पण कॉन्ट्रॅक्टरचं नाव लिहून घ्या, आणि पीएफ कुणाच्या कोडवर भरला जातो ते बघा. कॉन्ट्रॅक्टर बदलला की सर्व्हिस परत शून्यापासून धरायची ही जुनी युक्ती आहे, ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेची) पाच वर्षं भरूच नयेत म्हणून.

दुसरं, अपॉइंटमेंट लेटर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नवे लेबर कोड लागू झालेत, त्यात प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र द्यायचं आहे. तेव्हा "आमच्यात लेटरची पद्धत नाही" हे आता चालत नाही. लेटरमधे पोस्ट, पगाराची फोड, नोटीस पिरीयड आणि प्रोबेशन किती हे चार मुद्दे वाचा, बाकीचं इंग्रजी सोडून द्या.

तिसरं, पगाराची फोड. एक उदाहरण घेतो. तुमचा ग्रॉस १८,००० आहे, त्यात बेसिक आणि डीए मिळून १५,०००. पीएफ बेसिक अधिक डीएच्या १२ टक्के, म्हणजे १,८०० कटले. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, ग्रॉसच्या ०.७५ टक्के, म्हणजे १३५. हातात आले १६,०६५. आता कंपनी पण तुमच्यासाठी पीएफचे १,८०० भरते आणि ईएसआयचे ३.२५ टक्के म्हणजे ५८५. हे सगळं मिळवून कंपनी तुम्हाला सांगते, "वीस हजाराच्या वर पॅकेज आहे." खोटं नाही ते, २०,३८५ होतात. खरं तुम्ही घरी वीस हजार सांगून बसलेला असता आणि पहिल्या महिन्यात सोळा हजार बघून आई विचारते बाकीचे कुठं गेले.

शिनोळीला जॉईन होत असाल तर अजून एक कटिंग धरा. शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, तिथला प्रोफेशनल टॅक्स महाराष्ट्राचा. पुरुषाचा पगार दहा हजाराच्या वर गेला की महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००. बाईमाणसाला २५,००० पर्यंत माफ. कर्नाटकात २५,००० च्या आत कुणालाच नाही. बेळगावात राहून शिनोळीला कामाला जाणारी पोरं हे बघून दरवेळी विचारतात, दादा माझेच कसे कटले.

पीएफ वीस किंवा जास्त माणसं असली की लागू, ईएसआय कारखान्यात दहा माणसांवर. ईएसआयची पगाराची मर्यादा २१,००० आहे. स्लिपवर कटलेले दिसतात म्हणजे भरले असं नाही. उमंग ॲपवर यूएएन (तुमचा पीएफचा नंबर) घालून पासबुक उघडायचं आणि दर महिन्याला एन्ट्री पडली का बघायचं. दोन महिने सलग पडली नाही तर अकाउंट्सला विचारा, तेव्हाच विचारा. चार वर्षांनी विचारलं तर तो अकाउंटंट पण सोडून गेलेला असतो.

आणि ओरिजिनल मार्कशीट कुणाकडं ठेवायची नाही. ब्लँक चेक द्यायचा नाही. ट्रेनिंगच्या बॉन्डच्या नावाखाली हे दोन्ही मागणाऱ्या कंपन्या आहेत आपल्याकडं, ओळखीच्या माणसानं सांगितलं तरी झेरॉक्सच द्या.

आत गेल्यावर पहिले काही महिने

पहिल्या महिन्यात कुणाशी दोस्ती करायची घाई करू नका. प्रत्येक कंपनीत दोन गट असतात, कधी गावावरनं, कधी डिपार्टमेंटवरनं, कधी जुने आणि नवे. तुम्ही कुणाच्या ओळखीनं आलाय हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना माहीत झालेलं असतं आणि त्या हिशोबानं तुमच्यावर शिक्का पण बसलेला असतो, "हा फोरमनचा माणूस." तो शिक्का पुसायला काम करूनच दाखवावं लागतं, दुसरा उपाय नाही. मामाच्या टेबलावर जाऊन डबा खायचा बंद करा, एवढं तरी.

खरी सत्ता कुणाकडं आहे ते शोधा. बोर्डावर लिहिलेलं पद आणि चालणारी माणसं वेगळी असतात. मालक स्वतः बसणाऱ्या कंपनीत जीएमची सही असली तरी सुट्टी शेवटी मालकाच्या होकारानंच मिळते, आणि मालकाचा होकार बऱ्याचदा अकाउंट्समधल्या जुन्या माणसाच्या एका वाक्यावर असतो. मालकाचा मुलगा पुण्याहून नाहीतर बाहेरून शिकून आलेला असेल तर अजून मजा, तो सकाळच्या मीटिंगला बोर्डावर चार्ट काढतो, बाबा दुपारी येऊन सगळं जुन्या पद्धतीनं करायला लावतात, आणि मधे सुपरवायझरचा जीव जातो. तुम्हाला दोघांकडनं उलटसुलट ऑर्डर मिळाली तर कुणाची बाजू घ्यायची नाही, "सर, सकाळी असं सांगितलं होतं, आता हे करू का?" असं विचारून व्हॉट्सॲपवर एक ओळ टाकून ठेवायची. ती एक ओळ तुम्हाला नंतर वाचवते.

भाषेचं पण सांगतो कारण सगळे टाळतात. शॉपवर मराठी चालतं, साहेब लोकांत कन्नड आणि इंग्लिश, बाहेरून आलेल्या पोरांशी हिंदी. तुमचं मराठी पक्कं आहे, चांगलंच आहे, कुणी ते काढून घेत नाही. पण कन्नड समजत नसेल तर मीटिंगमधे तुमच्याबद्दल बोलतात आणि तुम्ही हसत बसता. लेबर ऑफिस, ईएसआयचा दवाखाना, बाजूच्या मशीनवरचा गोकाकचा नाहीतर बैलहोंगलचा पोरगा, सगळीकडं कन्नड लागतं. चहाच्या वेळी "ऊट आत?" पासनं सुरू करा, ती माणसं खूश होऊन शिकवतात. आणि नोटीस बोर्डावर कन्नडमधे कागद लागला आणि खाली सह्या घ्यायलेत, तर वाचून घेतल्याशिवाय सही करायची नाही. "सर, जरा वाचून सांगता का" म्हणायचं. माझ्या एका जुन्या कंपनीत सुट्टीच्या नियमाचा कागद असाच सह्या घेऊन फिरला आणि सहा जणांच्या चार सुट्ट्या गेल्या, सही कशावर केली ते एकाला पण सांगता आलं नाही.

१ नोव्हेंबरचं वेगळं सांगायला पाहिजे. कर्नाटकात कारखान्यांच्या सुट्टीचा १९६३ चा कायदा आहे, त्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यांच्या जोडीला १ नोव्हेंबर ही पगारी सुट्टी आहे. त्या दिवशी कुणी राज्योत्सवाला (कर्नाटकच्या स्थापना दिवसाला) जातं, आपले लोक बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाला, काळ्या दिवसाच्या फेरीला जातात. सुट्टीच्या दिवशी काय करायचं तो तुमचा प्रश्न. पण दुसऱ्या दिवशी शॉपवर त्यावर वाद घालू नका आणि कंपनीच्या ग्रुपवर तर अजिबात काही टाकू नका. स्टेटस एचआर बघतंय. तुमच्या बाजूच्या मशीनवरच्या माणसाबरोबर तुम्हाला वर्षभर नाईट काढायची आहे.

रिजेक्शन आलं की कंपनी कळते

वातावरण, कल्चर वगैरे जे शब्द भिंतीवर फ्रेम करून लावलेले असतात ते सगळं चांगल्या दिवसाचं असतं. खरी कंपनी कळते माल परत आला की.

समजा हायड्रॉलिकच्या बॉडीचं काम चाललंय. नाईट शिफ्ट, पहाटेची वेळ. बोअर (आतलं भोक) वीस मायक्रॉननं मोठा जायला लागतो. कारण साधं असतं, इन्सर्टची (कापणाऱ्या टोकाची) कड गेली, सेटरनं नवीन इन्सर्ट घातलं, ऑफसेट (झिजलेल्या टोकासाठी मशीनमधे घातलेला फरक) पूर्वीचाच राहिला. पुढचे चाळीस नग गेले, सकाळी एअर गेजला (भोक मोजायच्या उपकरणाला) लावल्यावर कळलं. आता नऊच्या मीटिंगमधे काय होतं ते बघा.

एका प्रकारच्या कंपनीत पहिला प्रश्न येतो, नाईटला कोण होतं? नाव मिळालं की मीटिंग संपली. त्या पोराला बोलावून सगळ्यांसमोर झापतात, कुठं तर पगारातनं कापायची धमकी, आणि चाळीस नग लाल पेटीत. पुढच्या महिन्यात परत तेच, फक्त पोरगा दुसरा. दुसऱ्या प्रकारच्या कंपनीत विचारतात, इन्सर्ट बदलल्यावर पहिला नग चेक करायची पद्धत आहे का, असेल तर नाईटला क्वालिटीचा माणूस होता का, नसेल तर का नव्हता. इथं झापतात पण, असं नाही की झापत नाहीत, खरं झापून झाल्यावर इन्सर्ट बदलला की पहिला नग गेजला लावल्याशिवाय पुढं जायचं नाही असा कागद मशीनवर लागतो.

पहिल्या प्रकारच्या कंपनीत असाल (बहुतेक असाल) तर स्वतःला वाचवायचं कसं? लॉगबुक. मशीनवरच्या लॉगबुकात वेळ घालून लिहायचं: ३:१० ला इन्सर्ट बदलला, सेटरचं नाव, पहिला नग मोजला, रीडिंग इतकं. क्वालिटीचा माणूस नव्हता तर "इन्स्पेक्टर उपलब्ध नाही, सुपरवायझरला फोन केला" हे पण लिहायचं. शाईच्या पेनानं, खाडाखोड न करता. लॉगबुकात लिहून ठेवणाऱ्या माणसावर सहज हात टाकता येत नाही, आणि तुम्ही लिहायला लागलात की बाजूचे पण लिहायला लागतात. मी क्वालिटीतनं बोलतोय, ज्या ऑपरेटरचं लॉगबुक नीट असतं त्याच्यावर मी पण नीट विचार केल्याशिवाय रिपोर्ट लिहीत नाही.

आणि रिजेक्शन लपवू नका. रात्री भंगारात टाकून सकाळी गप्प बसायची सवय लागली की एक दिवस तो माल कस्टमरकडं पोचतोच.

सुट्टी आणि ओटी

आपल्याकडच्या सुट्ट्या मॅनेजमेंटच्या पुस्तकात बसत नाहीत. गणपतीची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत चालते, कपिलेश्वर तलावावरनं घरी येऊन फर्स्ट शिफ्टला कोण जाणार? शिवजयंतीचे चित्ररथ बघायला अख्खी रात्र जाते. गावच्या जत्रा वेगळ्या. येळ्ळूर, खानापूरकडची पोरं सुगीत भात कापायला घरी लागतात. कंपनीला हे सगळं माहीत असतं, कारण सुपरवायझर पण इथलाच, तरी दरवर्षी त्या दिवशी निम्मी शिफ्ट "आजारी" पडते आणि दरवर्षी दुसऱ्या दिवशी तमाशा होतो.

करायचं एवढंच, पंधरा दिवस आधी लिहून द्यायचं आणि बदली माणूस आपणच शोधायचा. ईदला तुम्ही उभं राहायचं, गणपतीला तो उभा राहतो. बिहारकडची पोरं गणपतीला खुशाल थांबतात पण छठला त्यांना गाडी पकडायची असते, तेव्हा तुम्ही जास्तीची शिफ्ट काढा. पाडव्याला मात्र गुढी आणि युगादी एकाच दिवशी, त्या दिवशी बदली मिळत नाही, सोडून द्या. बदली माणसाचं नाव घालून अर्ज दिला की सुपरवायझरला नाही म्हणायला कारण राहत नाही.

ओटी आठवड्याच्या ४८ तासांवर गेलं की दुप्पट दरानं. बऱ्याच ठिकाणी सिंगल देतात आणि ते पण पाकिटात. पाकिटातले पैसे गोड लागतात, खरं उद्या गाडीच्या नाहीतर घराच्या लोनला बँक स्लिप बघते, पाकीट बघत नाही. घर चालवायला सिंगल ओटी घ्यावं लागत असेल तर घ्या, मी कोण सांगणार, पण आपल्या वहीत तास लिहून ठेवा.

काही झालं तर

बोट कापलं, डोळ्यात चिप गेली, पायावर कास्टिंग पडलं. लगेच जवळच्या खाजगी दवाखान्यात नेतात, बिल भरतात, प्रेमानं बोलतात, आणि डॉक्टरला सांगायला लावतात की घरी लागलं. तिथं नाही म्हणायचं. कामावर झालेल्या इजेसाठी ईएसआयमधे पहिल्या दिवसापासनं हक्क आहे, काम करता येत नाही तोवर पगाराच्या ९० टक्के मिळतात, साध्या आजारपणात ७० टक्के आणि वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. अपघात रजिस्टरला नोंद झाली नाही तर यातलं इजेचं मिळवणं फार अवघड होतं. घरी लागलं असं एकदा कागदावर आलं की मग पुढं कितीही ओरडा.

पोरींसाठी थोडं वेगळं. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी तक्रार समिती असायलाच पाहिजे, २०१३ चा कायदा आहे, आणि तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. समितीत कोण आहे हे जॉईन होतानाच सहज विचारून ठेवा, नावं सांगताना एचआर अडखळलं तर समिती कागदावर पण नाही. बसचं पण बघा. कर्नाटकचा पत्ता असलेल्या आधारवर साध्या बसला तिकीट नाही, चंदगडकडनं येणाऱ्या पोरीला मात्र इकडच्या बसला पूर्ण तिकीट, आणि एसटीला निम्मं. एकाच बेंचवर काम करणाऱ्या दोघींच्या महिन्याच्या खर्चात यामुळं चांगलाच फरक पडतो. सेकंड शिफ्टनंतर कंपनीची गाडी घरापर्यंत सोडते का नाक्यावर, हे लेखी घ्या.

बाकी तक्रारीचा क्रम साधा. आधी सुपरवायझरला तोंडी, मग लेखी, मग एचआर, आणि शेवटी लेबर ऑफिस. पहिल्याच दिवशी लेबर ऑफिसला गेलात तर काम होईलही, पण त्या कंपनीत तुमचं राहणं होणार नाही. एकटे पण जाऊ नका, चार सह्या असल्या की बोलणं वेगळं होतं.

सोडताना

उद्यमबाग छोटी आहे. मालक लोक एकाच क्लबात, एकाच लग्नात भेटतात, सुपरवायझर लोक एकाच टपरीवर. भांडून, नोटीस न देता सोडलं की तुम्ही नवीन गेटवर पोचायच्या आधी तुमची कीर्ती पोचलेली असते. ज्या मामानं नोकरी लावली त्याला पहिल्यांदा सांगायचं, एचआरच्या पण आधी. त्याला दुसऱ्याकडनं कळलं तर तो कंपनीपेक्षा जास्त चिडतो, आणि घरचं लग्न तुम्हाला त्याच्याबरोबरच काढायचं असतं.

पाच वर्षं होत आली असतील तर थोडं थांबा. ग्रॅच्युइटी शेवटच्या बेसिक अधिक डीएवर, त्याला १५ नं गुणून २६ नं भागायचं आणि वर्षांनी गुणायचं. १५,००० वर पाच वर्षांचे ४३,२६९ रुपये होतात. चार वर्षं दोन महिन्यांवर रागानं राजीनामा टाकणारी पोरं मी बघतो तेव्हा पोटात कालवतं. फिक्स्ड टर्मच्या (ठराविक मुदतीच्या) लेटरवर असाल तर नव्या कोडप्रमाणं एका वर्षावर पण हिशोब लागतो, म्हणून लेटर परत काढून वाचा.

राजीनामा मेलवर द्या, तारीख घालून, दोन ओळीत, कारण "वैयक्तिक". मनातलं सगळं त्यात लिहायची हौस येते, लिहू नका. फुल अँड फायनलचे (शेवटच्या हिशोबाचे) पैसे नव्या कोडप्रमाणं दोन कामाच्या दिवसांत द्यायचे असतात, आपल्याकडं "पुढच्या पगाराबरोबर देतो" म्हणतात, मेलवर एकदा आठवण करायची. रिलीव्हिंग लेटर हातात घेतल्याशिवाय गेट पास परत देऊ नका.

पीएफ काढायचा नाही, ट्रान्सफर करायचा, नाहीतर पेन्शनची सर्व्हिस तुटते. त्यासाठी पोर्टलवर जुन्या कंपनीनं एक्झिट डेट टाकायला पाहिजे. टाकली नाही आणि फोन उचलायचे बंद झाले तर शेवटची एन्ट्री पडून दोन महिने झाल्यावर तुम्ही स्वतःच पोर्टलवर एक्झिट डेट टाकू शकता, आधारचा ओटीपी येतो, तेवढं मोबाईल नंबर चालू आहे का बघून ठेवा.